लाप्लास ट्रान्सफॉर्म: आधी उत्तरं, मग सिद्धता

लाप्लास ट्रान्सफॉर्म म्हणजे डिफरन्शियल इक्वेशनचं (बदलाचा दर असलेल्या समीकरणाचं) साध्या बीजगणितात रूपांतर करण्याची रीत. कॉलेजच्या पुस्तकात तिचं प्रकरण थेट व्याख्येनं उघडतं: फंक्शनला 'ई'च्या उणे 'एस-टी' घातानं गुणा आणि शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रेशन करा. हे का करायचं, याचा पत्ता बहुतेकांना लागत नाही आणि त्यात त्यांचा दोष नाही. पुस्तक ज्या क्रमानं विषय मांडतं, त्याच्या जवळपास उलट क्रमानं तो घडला आहे.

अशी इंटिग्रल्स १७४४ मध्ये गणितज्ञ ऑयलरच्या लेखनात दिसतात. डिफरन्शियल इक्वेशनची उत्तरं त्या रूपात मांडता येतात का, हे तो तपासत होता. फ्रेंच गणितज्ञ लाप्लास १७८० च्या दशकात त्यांच्याकडे वळला, तो फार मोठ्या संख्या असलेल्या सूत्रांच्या अंदाजी किमती काढण्यासाठी. संभाव्यतेच्या गणितात त्याला त्या लागत. उत्तराचं रूप शोधण्यापाशी न थांबता त्यानं अख्खं समीकरणच नव्या चलात नेलं, हे त्याचं खरं पाऊल. विद्युत सर्किटचं गणित तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

इंजिनीअर आज जे वापरतात, त्याचं मूळ मात्र ऑलिव्हर हेविसाइडकडे (१८५०–१९२५) जातं. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला, काही वर्षं तारायंत्रावर नोकरी केलेला, पुढचं सगळं स्वतः शिकलेला हा माणूस. लांबलचक केबलमधून सोडलेला सिग्नल पलीकडे पोचेपर्यंत पसरट का होतो, असल्या प्रश्नांत तो गुंतला होता. त्यानं काळानुसारच्या डेरिव्हेटिव्हच्या (बदलाच्या दराच्या) जागी सरळ 'पी' हे अक्षर ठेवलं आणि त्याला साध्या संख्येसारखं वागवलं: त्यानं भागायचं, त्याची श्रेणी मांडायची. केबलच्या गणितात तर 'पी'चं वर्गमूळ उभं राहिलं. अर्ध्या डेरिव्हेटिव्हला अर्थ तो काय? हेविसाइडनं तोच प्रश्न आधीच माहीत असलेल्या रीतीनं सोडवून पाहिला, दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली आणि अर्थ ठरवून टाकला: शून्य क्षणी ० वरून एकदम १ वर जाणाऱ्या, टप्प्यासारख्या एकक फंक्शनवर ही क्रिया केली की 'पाय गुणिले टी'च्या वर्गमुळानं भागलेला एक मिळतो. उत्तर अचूक होतं, सिद्धता नव्हती. तो १८९१ पासून रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेचा फेलो होता, तरी या विषयावरच्या त्याच्या लेखमालेचा तिसरा भाग सोसायटीनं १८९४ मध्ये नाकारला. गणितज्ञांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. कुठली रीत कुठे चालेल हे हेविसाइडला अंतःप्रेरणेनं कळे, इतरांना कसं कळावं?

ही उणीव भरून काढायला पुढची चार दशकं गेली. इंग्रज गणितज्ञ ब्रॉमविचनं १९१६ मध्ये संमिश्र (कॉम्प्लेक्स) संख्यांच्या प्रतलावरच्या इंटिग्रलनं हेविसाइडच्या रीतींना आधार दिला. अमेरिकन टेलिफोन इंजिनीअर जॉन कार्सननं १९२० च्या दशकात त्या शून्य ते अनंत इंटिग्रलशी जोडल्या. आजची व्याख्या सर्किटच्या गणितात शिरली ती याच दारानं. कार्सनच्या पद्धतीत इंटिग्रलच्या बाहेर 'पी'चा (आजच्या 'एस'चा) एक जादा गुणक असे. म्हणून फंक्शन आणि त्याचं रूपांतर शेजारी देणाऱ्या काही जुन्या कोष्टकांत १ या फंक्शनचं रूपांतर १ दिसतं, आजच्या कोष्टकात 'एस'नं भागलेला १. जुनं पुस्तक हाती आलं तर आधी हे तपासावं.

जर्मन गणितज्ञ डोएचचा १९३७ चा ग्रंथ आणि गार्डनर व बार्न्स यांचं १९४२ चं इंजिनीअरांसाठीचं पुस्तक, यांनंतर 'पी' मागे पडत गेला. कारण व्यवहारी होतं. हेविसाइडची रीत यंत्रणा सुरुवातीला पूर्ण शांत आहे असं धरून चाले. नव्या रीतीत डेरिव्हेटिव्हचं रूपांतर करतानाच शून्य क्षणाची किंमत वजा होऊन समीकरणात येते, त्यामुळे आधीच चार्ज असलेला कपॅसिटर वेगळा सांभाळावा लागत नाही.

कोष्टक उलट्या दिशेनं, म्हणजे रूपांतरावरून मूळ फंक्शनकडे, वाचण्याची मुभा गणितज्ञ लेर्खच्या १९०३ च्या प्रमेयानं दिली आहे: दोन सतत फंक्शनांचं रूपांतर एकच असेल, तर शून्यानंतर ती फंक्शनंही एकच असतात. मूळ फंक्शन थेट काढून देणारं ब्रॉमविचचं इंटिग्रल पदवीच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत वगळलं जातं, कारण त्याला संमिश्र विश्लेषण लागतं. उरतं ते कोष्टक आणि आंशिक अपूर्णांक (मोठ्या अपूर्णांकाची कोष्टकात सापडतील अशा सोप्या अपूर्णांकांत फोड). त्या अपूर्णांकांचे सहगुणक काढताना छेदातला एक अवयव झाकायची जी झटपट युक्ती वर्गात शिकवतात, तीही हेविसाइडच्याच नावानं ओळखली जाते.