पदाचा इंग्रजी शब्द छापून घेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहिती

व्हिजिटिंग कार्ड, बायोडाटा, प्रबंध किंवा क्लासचा फ्लेक्स करून घ्यायला येणारे आमचे बहुतेक ग्राहक नावाखालचे पद इंग्रजीत मागतात, आणि मार्गदर्शन करणाऱ्या कोणासाठीही ‘गाईड’, ‘मेंटॉर’, ‘कोच’ यांपैकी जो शब्द ऐकायला बरा वाटेल तो सांगतात. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

सर्वाधिक घोटाळा ‘कौन्सिलर’ या शब्दाचा होतो. चिठ्ठीवर देवनागरीत तो एकच दिसतो. इंग्रजीत मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. समुपदेशकाच्या शब्दात ‘एन’नंतर ‘एस-ई’ येते आणि नगरसेवकाच्या शब्दात ‘सी-आय’. नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात सदस्यासाठी हा दुसरा शब्द आहे. दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे संगणक त्यांच्याखाली लाल रेघ ओढत नाही, म्हणून चूक कार्ड हातात पडेपर्यंत कळत नाही. रुग्णालयात समुपदेशनाचे काम करणाऱ्या एका ताईंची दोनशे कार्डे आम्ही अशीच ‘सी-आय’ने छापली होती. मजकूर त्यांनी फोनवरून सांगितला होता आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना, न पाहताच ‘छापून टाका’ म्हटले होते. त्या परत आल्या तेव्हा गठ्ठ्यातल्या वरच्या दहा-बारा कार्डांवर त्यांनी निळ्या पेनाने अक्षरे दुरुस्त केलेली होती. सारी कार्डे पुन्हा छापावी लागली. तेव्हापासून प्रूफवर ग्राहकाची सही घेतल्याशिवाय आम्ही छपाईला हात लावत नाही. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो, पण सहीला दोन मिनिटे लागतात आणि फेरछपाईत दोन दिवस जातात.

‘गाईड’ हा शब्द ताडोब्याच्या जिप्सीत पर्यटकांसोबत बसून जंगल दाखवणाऱ्यांसाठी अगदी योग्य आहे. पीएच.डी.चे विद्यार्थीही बोलताना तोच वापरतात, परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत ‘रिसर्च सुपरवायझर’ असे आहे. म्हणून अमरावती, नागपूर किंवा गोंडवाना, विद्यापीठ कोणतेही असो, प्रबंधाच्या पहिल्या पानाचा त्यांचा नमुना सोबत आणावा. आम्ही त्यातलाच शब्द ठेवतो.

‘कोच’ विशिष्ट लक्ष्यासाठी तयारी करून घेतो. हंगेरीतल्या कोच गावच्या घोडागाडीवरून हा शब्द आला. पुढे विद्यार्थ्याला परीक्षेपार नेणाऱ्या शिक्षकाला इंग्लंडमध्ये तो लागू झाला आणि मग खेळात गेला. त्यामुळे कबड्डीसाठी किंवा पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी तो शोभतो. ‘मेंटॉर’ हे प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातल्या नायकाच्या, ओडिसियसच्या, एका वडीलधाऱ्या मित्राचे नाव, युद्धाला जाताना त्याने आपले घर या मित्राच्या भरवशावर सोडले होते. अनुभवी माणूस धाकट्याला दीर्घकाळ आधार देतो, ते नाते या शब्दात आहे. महिन्याची फी घेऊन गणित शिकवणाऱ्यासाठी ‘ट्यूटर’च बरा.

‘ॲडव्हायझर’ म्हणजे सल्लागार, आणि या शब्दाच्या शेवटी ‘ई-आर’ व ‘ओ-आर’ दोन्ही चालतात. मात्र गुंतवणुकीच्या कामात सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी नसताना म्युच्युअल फंडाच्या वितरकाला हे पद लावता येत नाही. अशा कार्डासाठी आम्ही नोंदणी क्रमांक मागतो, त्याचा राग मानू नये.

येताना नेमणूकपत्राची किंवा ओळखपत्राची झेरॉक्स आणावी, आणि ती नसल्यास आपण नेमके काय काम करता ते मराठीत सांगावे. योग्य शब्द आम्ही सुचवू. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. प्रूफ व्हॉट्सॲपवरही पाठवतो, तेव्हा खेड्यावरून पुन्हा तालुक्याला यावे लागत नाही. ‘ठीक आहे’ असे लेखी उत्तर आले की ते सहीसारखेच धरतो.