जेस्टमधलं ८० आणि मायनस १०: दोन्ही थ्रेशोल्डच, पण मोजतात वेगळं

जेस्ट म्हणजे जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवणारं टूल, आणि कव्हरेज थ्रेशोल्ड म्हणजे टेस्ट चालताना किती कोड तपासला गेला पाहिजे याची मर्यादा. जेस्टला तो कमांड लाईनवरून द्यायचा तर ग्लोबलच्या (अख्ख्या प्रोजेक्टच्या) खाली ब्रँचेस (इफ-एल्स सारख्या कोडमधल्या वाटा), फंक्शन्स, लाईन्स, स्टेटमेंट्स यांच्यापुढे आकडा टाकायचा, एवढं सगळ्यांना माहितीये, पण आकड्याआधी मायनस आला की अर्थच फिरतो हे मला लई उशिरा कळलं.

८० म्हणजे कमीत कमी ८० टक्के कव्हर झालं पाहिजे. मायनस १० मध्ये टक्के बिक्के काही नाही, १० नग अनकव्हर्ड, म्हणजे टेस्टने न गाठलेले, राहिले तर चालतील, अकरावा सापडला की रन फेल. आपल्या सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला बसणाऱ्या मावशींना विचारा, शंभरात ऐंशी चांगले पाहिजेत आणि अख्ख्या लॉटमध्ये दहाच डागी चालतील, या दोन ऑर्डरी त्या कधीच एक धरणार नाहीत.

आता हिशोब बघा. १००० ब्रँचेस असतील तर ८० टक्क्यांत २०० सुटल्या तरी पास, आणि कोड वाढून २००० ब्रँचेस झाल्या की तुम्ही काही न करता ती सूट ४०० वर जाते. मायनस १० वाला तिथंच अडून बसतो, म्हणजे २००० ला ९९.५ टक्के झाले की! म्हणून जुन्या प्रोजेक्टला मला मायनसच बरा वाटतो, आज १३७ ब्रँचेस उघड्या असतील तर मायनस १३७ टाका, नवीन ब्रँच टेस्टशिवाय आली की लगेच बोंब. उलट एकेका फाईलला पाथ देऊन मायनस १० लावलात तर चारच ब्रँचेस असलेली फाईल एकही टेस्ट न लिहिता पास होते, तिथं टक्केच ठेवा.

मी काय केलं, तर सात रस्त्याला चहा घेत घेत कमांड टाईप केली आणि मायनसच टाकायचा राहिला. नुसता १०, म्हणजे दहा टक्के! दोन आठवडे सगळं हिरवंगार, मित्र म्हणतो काय बे, एवढ्या टेस्ट कधी लिहिल्यास.

अजून एक, कव्हरेजचा फ्लॅगच (कव्हरेज मोजायला सांगणारा पर्याय) चालू नसेल तर थ्रेशोल्ड कितीही कडक असू दे, तो तपासलाच जात नाही. आणि विंडोजच्या साध्या कमांड प्रॉम्प्टवर, थ्रेशोल्ड ज्या जेसनमध्ये (महिरपी कंसातल्या मजकुरात) लिहितो त्याच्याभोवती सिंगल कोट चालत नाही, बाहेर डबल कोट लावून आतल्या डबल कोटांआधी बॅकस्लॅश द्यावा लागतो.