क्लॅरंडन काउंटीची केस आणि चार्ल्स्टनचे फेडरल जज

गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९५४ चा निकाल सगळ्यांना माहितीये, त्यामुळे तो परत सांगत बसत नाही. पण त्यात एकत्र ऐकलेल्या केसेसपैकी साउथ कॅरोलिना राज्याची जी केस होती ती तिथपर्यंत पोचली कशी, हे बघायचं तर त्याच राज्यातल्या चार्ल्स्टन शहरातले फेडरल (केंद्रीय) ट्रायल कोर्टाचे जज जे. वेटीज वॅरिंग यांचं करिअर बघावं लागतं.

माणूस जुन्या गोऱ्या घराण्यातला, आधी सरकारी वकील, मग शहराचा वकील, १९४२ ला जज. वर्णभेदाची उघड बाजू घेणाऱ्या सिनेटरच्या प्रचारातही होता. मग १९४६ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या एका काळ्या सैनिकाचे दोन्ही डोळे पोलिसाच्या मारहाणीत गेले, ती ट्रायल यांच्यासमोर चालली आणि गोऱ्या ज्युरीने अर्ध्या तासाच्या आत पोलिसाला सोडून दिलं. पुढच्याच वर्षी त्यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, काळ्यांना मतदान करू द्या असा निकाल दिला.

आता मूळ वादाचा मुद्दा. साउथ कॅरोलिनातल्याच क्लॅरंडन काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) गोऱ्या मुलांना ३० बस आणि काळ्या मुलांना एकही नाही, मागणी तिथून सुरू झाली, नंतर एकूणच समान सोयी द्या अशी केस उभी राहिली. नोव्हेंबर १९५० मध्ये जजनी पालकांच्या वकिलाला सुचवलं की ही मागे घ्या आणि वेगळ्या शाळांच्या कायद्यालाच थेट आव्हान देणारी नवी केस आणा. तेव्हाच्या नियमाने राज्याचा कायदा घटनेविरुद्ध म्हणून थांबवायची मागणी आली की एका जजऐवजी तिघांचं बेंच बसायचं, आणि त्यावरचं अपील मधलं कोर्ट गाळून थेट सुप्रीम कोर्टात. दोन विरुद्ध एक असं आपण हरणार हे जजना जवळपास दिसतच होतं.

टीकाकार म्हणतात जजने समोर आलंय तेवढंच बघावं, कुठल्या बाजूने काय मागावं हे सांगू नये, आणि हे वजनदार आहे, कारण जुन्या केसमध्ये समान सोयींचा आदेश ते एकट्याने देऊ शकले असते, म्हणजे हातातला छोटा विजय सोडून पालकांना मोठ्या जुगारात ढकललं. पण मला तरी जजचंच बरोबर वाटतं. ज्याचं नाव केसला लागलं तो पालक, हॅरी ब्रिग्ज, पेट्रोल पंपावर कामाला होता, त्याला १९४९ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशीच काढून टाकलेलं, बायकोचीही मोटेलातली नोकरी गेली. एवढी किंमत मोजून झाल्यावर त्यांना नुसत्या बस आणि वर्गखोल्या देऊन परत पाठवायचं का? तेही काउंटीच्याच भरवशावर?

मे १९५१ ला सुनावणी, जूनमध्ये निकाल, अपेक्षेप्रमाणे २-१. वेगळं ठेवणं हीच असमानता, हे वॅरिंग यांनी एकट्याने विरोधी निकालपत्रात लिहिलं आणि तीन वर्षांनी सुप्रीम कोर्ट एकमताने तिथेच आलं. तोवर ते १९५२ लाच निवृत्त होऊन न्यूयॉर्कला गेलेले, कारण घरासमोर क्रॉस जाळणं (वर्णद्वेष्ट्यांची धमकी द्यायची पद्धत), दगडफेक आणि गावाने टाकलेला बहिष्कार यात चार्ल्स्टनमध्ये राहणं अशक्य झालेलं.

२०१५ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाच्या इमारतीला त्यांचं नाव दिलं, आधी ज्या माजी सिनेटरचं होतं त्यानेच स्वतः आपलं काढा म्हणून सांगितलं. तीन जजांची ती वाट मात्र १९७६ मध्ये काँग्रेसने बरीचशी बंद केली, आता ती मुख्यतः मतदारसंघांच्या सीमांच्या केसेसपुरती उरलीये.