मागचा कॅलिपर क्लॅम्पने दाबू नका

कॅलिपर म्हणजे पिस्टनच्या जोरावर ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग. 'पिस्टन जाम झालाय, सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावून दाबा,' हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. पुढच्या ब्रेकला तो चालतो. माझदा एमएक्स-५ या गाडीच्या पहिल्या दोन पिढ्यांत मात्र मागच्या पिस्टनमागे हँडब्रेकचा स्क्रू असतो. जोर लावलात तर तीच यंत्रणा मोडेल. कॅलिपरच्या मागचा छोटा बोल्ट काढा, आत ४ मिमीची ॲलन की घाला आणि घड्याळाच्या उलट फिरवा. पिस्टन निमूट आत जातो.

शिवाय पुष्कळदा पिस्टन निर्दोषच असतो! गंजलेली असते स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) किंवा हँडब्रेकचा लिव्हर. केबल सोडून लिव्हर हाताने हलवून बघा, पूर्ण मागे येत नसेल तर चोर सापडला. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या खनिज ग्रीसने रबर फुगतं.