घोड्याच्या चराईतला तरोटा आणि कासविंदा

पावसाळा लागला की विदर्भातल्या ई-क्लास (सरकारी चराईच्या) जमिनीवर, शेताच्या धुऱ्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला तरोटा माजतो, आणि त्याच गर्दीत त्याच्यासारखाच पिवळ्या फुलांचा कासविंदाही उभा असतो. कोवळ्या तरोट्याची भाजी घरोघर होत असल्याने त्याच्या शेजारच्या झुडपाविषयी सहसा कोणाला संशय येत नाही. परंतु वरातीचा किंवा ओझ्याचा घोडा जिथे चरायला सुटतो, तिथे हा फरक ओळखता आलाच पाहिजे, कारण कासविंदा विषारी आहे.

तरोट्याच्या एका पानाला बहुधा पर्णिकांच्या (पानातल्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या असतात व त्या टोकाकडे रुंद, गोलसर होत जातात. कासविंद्याला साधारणतः चार ते सहा जोड्या असतात आणि त्याची प्रत्येक पर्णिका टोकदार असते. एवढ्याने शंका फिटली नाही, तर पानाचा देठ पाहावा. तरोट्यात सर्वांत खालच्या जोडीच्या मधोमध खुंटीसारखी बारीक ग्रंथी दिसते. कासविंद्यात मात्र गोलसर, काळपट ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, खोडालगत असते. वासावर भिस्त ठेवू नये, कारण चुरगाळल्यावर दोन्ही उग्रच वास सोडतात. शेंगा धरल्यावर ओळख सोपी होते: तरोट्याची शेंग बारीक, लांब व वाकडी, तर कासविंद्याची चपटी आणि कडेने फिकट.

कासविंद्याचे सर्वच भाग विषारी असले तरी बियांत विष अधिक असते, आणि ते स्नायू, यकृत व हृदयाच्या स्नायूंवर घाला घालते. गुरांना गडद रंगाची लघवी होते. घोड्यात मात्र ते लक्षण दिसेलच असे नाही, तो अशक्त होतो, चालताना झोकांड्या खातो, बसला की उठत नाही, किंवा अचानक दगावतो. यावर नेमका उतारा नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात याच बिया खाऊन लहान मुलेही दगावलेली आहेत.

तरोटाही अगदी निर्धोक नाही. त्याच्या बिया जनावरांच्या खाद्यात जाऊ नयेत. तरीही मजूर मोजकेच असतील तर आधी कासविंद्यालाच हात घालावा, असे माझे मत आहे, कारण गाजर गवताला दाबून धरण्याचा तरोट्याचा गुण वाया घालवण्यात हशील नाही. कासविंदा नुसता छाटला तर बुडातून पुन्हा फुटतो, म्हणून जमीन ओली असताना, शेंगा धरण्याआधी तो सोटमुळासकट उपटावा. उपटलेली झाडे कुरणातच टाकून देणे सर्वांत वाईट, कारण वाळल्यावरही विष उतरत नाही आणि सुक्या गवतात मिसळलेला कासविंदा घोडा निवडून बाजूला काढेलच याची खात्री नसते. शेंगा आलेल्या झाडांचा शेणखताच्या खड्ड्यात भरणा न करता ती कुरणाबाहेर नेऊन जाळावीत, आणि पडलेले बी पुढील पावसाळ्यांतही उगवत असल्याने त्याच जागी दरवर्षी फेरी मारावी.