हॅम रेडिओचं लायसन्स: खान्देशातून अर्ज करताना

‘सेट मागवलाय, आता लायसन्स कसं काढायचं?’ जळगाव, धुळे, नंदुरबारकडून हॅम रेडिओबद्दल, म्हणजे हौशी लोक स्वतः चालवतात त्या रेडिओ स्टेशनबद्दल, असा फोन मला वरचेवर येतो. इथे क्रमच उलटा झालेला असतो. आधी परीक्षा, मग प्रमाणपत्र, मग लायसन्स आणि सेट सगळ्यात शेवटी. लायसन्स नसताना हॅम बँडवर, म्हणजे हॅमसाठी राखीव फ्रिक्वेन्सींवर, बोलता येणारा सेट नुसता जवळ बाळगणंही बेकायदा आहे.

वय १२ पूर्ण असलेला कोणताही भारतीय नागरिक परीक्षेला बसू शकतो. शिक्षणाची अट नाही. परीक्षा केंद्रीय दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा घेते आणि अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. फोटो, सही, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून तयार ठेवा. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे ना, ते आधी तपासा. आपल्याकडे आधारवर एक आडनाव आणि दाखल्यावर दुसरं, असं फार आढळतं. परीक्षा केंद्र म्हणून मुंबई किंवा नागपूर सोयीचं, भुसावळहून दोन्हीकडे थेट गाडी आहे.

लायसन्सच्या श्रेणी दोन आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, लागत नाही. प्रत्येक विभागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण हवेत. जनरलला विभागवार ५० आणि एकूण ५५ टक्के, शिवाय मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता आणि पाठवता आला पाहिजे. विभागही दोनच: रेडिओचं तंत्र आणि नियम. नियम पाठ होतात. खरी गोम तंत्राच्या विभागात आहे.

बरेच जण प्रश्नसंच घोकून पास होतात. ‘बटण दाबून बोलायचंय, ओहमचा नियम कशाला?’ असं म्हणणारेही भेटतात. पण हौशी रेडिओची आंतरराष्ट्रीय व्याख्या वाचा. स्वतः शिकणं, एकमेकांशी संपर्क आणि तांत्रिक शोध यांसाठी, पैशाचा लाभ न घेता, रेडिओच्या तंत्रात रस असणाऱ्या अधिकृत व्यक्तींनी चालवलेली सेवा, असा तिचा आशय आहे. सरकार आपल्याला स्वतःचं स्टेशन उभारायची आणि ट्रान्समीटर स्वतः बनवायचीही मुभा देतं, ती याच भरवशावर. नुसता सेट चालवणारा माणूस त्या मुभेचा अर्धा भागही वापरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जळगावातल्या एका मित्राचं उदाहरण सांगतो. लायसन्स ताजं, ५ वॅटचा सेट तळमजल्यावर, अँटेना तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, मधे ३० मीटर बारीक आरजी-५८ केबल. ‘मना आवाज येस का, भो?’ म्हणून तासभर हाका मारल्या, कुणाचंच उत्तर नाही. पठ्ठ्या जास्त पॉवरचा सेट घ्यायला निघाला होता. मी त्याला कागद-पेन घेऊन बसवलं. १४५ मेगाहर्ट्झला ही केबल ३० मीटरमध्ये सुमारे ६ डेसिबल खाते, म्हणजे पॉवर चौथ्या हिश्शावर येते आणि गच्चीवर पोचतो जेमतेम सव्वा वॅट. येणारा सिग्नलही तेवढाच मरतो, आणि त्याला मोठ्या पॉवरचा काही उपयोग नाही. जाड आरजी-२१३ टाकली तर निम्म्याहून जास्त पॉवर वर जाते. सेट गच्चीवर नेऊन दीड मीटर केबलवर जोडला आणि पहिल्याच हाकेला उत्तर आलं. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता! डेसिबलचा प्रश्न त्याने परीक्षेत बरोबर सोडवला होता, फक्त तो आपल्या केबलबद्दल आहे हे त्याला कळलं नव्हतं.

म्हणून अभ्यास हाताने करा. डायपोल म्हणजे मधोमध केबल जोडलेली, दोन तुकड्यांच्या तारेची साधी अँटेना. ७.१ मेगाहर्ट्झला तिची मीटरमधली लांबी १४३ भागिले ७.१, साधारण २० मीटर तार, दोन्ही बाजूंना दहा-दहा. तार थोडी लांबच कापा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) पाहत छाटत जा. लायसन्स येईपर्यंत ती नुसत्या रिसीव्हरला जोडून ऐकता येते. सातपुड्याच्या कुशीत धडगाव-अक्कलकुव्याला व्हीएचएफ (१४५ मेगाहर्ट्झसारख्या फ्रिक्वेन्सी) डोंगरामागे का अडतं आणि ७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ४० मीटर तरंगलांबीचा बँड डोंगर ओलांडून कसा येतो, हे असं ऐकत ऐकत पक्कं होतं.

पास झाल्यावर मिळतं ते ऑपरेटरचं प्रमाणपत्र. त्यावर स्टेशन चालवता येत नाही. लायसन्ससाठी त्याच पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो. फी २० वर्षांसाठी १,००० रुपये, आजीवन २,०००. भरण्याआधी पोर्टलवरचा आकडा पाहून घ्या. मग कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची तुमची ओळख, मिळते, जनरलला व्हीयू२ आणि रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ने सुरू होणारी. लायसन्सवर स्टेशनचा पत्ता असतो, तेव्हा घर बदललं तर डब्ल्यूपीसीला कळवून नवी नोंद करून घ्या. आणि लॉगबुक पहिल्या संपर्कापासून लिहा: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याची कॉल साइन.