एलियस नेमका कुठे लिहायचा? लॉगिन शेलच्या गुंत्यामागची पार्श्वभूमी

‘एलएल’ टाइप केलं की फाइलींची सविस्तर यादी समोर यावी, यासाठी एक ओळ पुरते: एलियस एलएल='एलएस -एल'. एलियस म्हणजे लांब कमांडला आपण दिलेलं छोटं नाव. ही ओळ बहुतेकांना पाठ असते. ती कुठल्या फाइलमध्ये लिहायची, यावर मात्र आजही एकमत नाही. कुणी ‘.बॅशआरसी’ सांगतं, कुणी ‘.बॅश_प्रोफाइल’, तर युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वाढलेली मंडळी ‘.प्रोफाइल’कडे बोट दाखवतात. तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि घोळ नेमका त्यामुळेच होतो.

शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम. बॉर्न शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला, तेव्हा त्याला एकच फाइल पुरत होती: ‘.प्रोफाइल’. मोठ्या यंत्राला वायरने जोडलेल्या टर्मिनलसमोर माणूस बसायचा, नाव आणि पासवर्ड द्यायचा, शेल सुरू होऊन ती फाइल एकदा वाचायचा. कमांड शोधायचा पाथ आणि टर्मिनलचा प्रकार ही माहिती एन्व्हायर्नमेंटमध्ये जायची, आणि पुढे सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला ती वारशाने मिळायची. त्यामुळे दुसऱ्यांदा वाचायची गरजच नव्हती. त्या शेलमध्ये एलियस नव्हता.

साधारण त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात सी शेल तयार झाला. आधीची कमांड पुन्हा चालवणारी ‘!!’ ही खूण त्यातलीच, आणि एलियसही त्यातलाच. पण एलियस वारशाने मिळत नाही. तो त्या-त्या शेलच्या स्मृतीत राहतो. आतून दुसरा शेल सुरू केला की तो कोरी पाटी घेऊन येतो. म्हणून सी शेलने दोन फाइली ठेवल्या: दर वेळी वाचायची ‘.सीएसएचआरसी’ आणि फक्त लॉगिनच्या वेळी वाचायची ‘.लॉगिन’. शेपटीतलं ‘आरसी’ हे १९६० च्या दशकातल्या एका यंत्रणेच्या ‘रनकॉम’ या सोयीवरून आलं आहे.

आता शेलला कसं कळतं की आपण लॉगिन शेल, म्हणजे लॉगिनच्या वेळी सुरू झालेला शेल, आहोत? लॉगिन करून देणारा प्रोग्राम शेल सुरू करताना त्याच्या नावाआधी एक आडवी रेघ लावतो, इतकंच. आजही ‘एको $०’ चालवून पाहा. उत्तर ‘-बॅश’ आलं तर लॉगिन शेल. नुसतं ‘बॅश’ आलं तर बहुधा साधा. कुठली फाइल वाचायची, हे या एका रेघेवर ठरत आलं आहे.

१९८९ मध्ये आलेल्या बॅश या शेलने दोन्ही घराण्यांचं घेतलं, पण जोडणी अर्धवट केली. सी शेल लॉगिनच्या वेळी आपल्या दोन्ही फाइली वाचतो. बॅश तसं करत नाही. लॉगिन शेल असेल तर तो आधी ‘.बॅश_प्रोफाइल’, ती नसेल तर ‘.बॅश_लॉगिन’, तीही नसेल तर ‘.प्रोफाइल’ पाहतो, आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो. ‘.बॅशआरसी’ला तो आपणहून हातही लावत नाही. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ माझ्या मते इथे आहे. प्रोफाइलमधून ‘.बॅशआरसी’ला बोलावणारी ओळ घालायचा रिवाज पडला, तो हे भोक बुजवण्यासाठी. १९९० च्या झेडएसएच या शेलने ही चूक केली नाही: लॉगिन असो वा नसो, समोर माणूस टाइप करत असेल तर ‘.झेडएसएचआरसी’ वाचली जाते.

पडद्यावर खिडक्या आल्यावर ‘लॉगिन’ या शब्दाचा अर्थच सैल झाला. लिनक्सवर सहसा असं धरलं गेलं की पासवर्ड ग्राफिकल पडद्यावर देऊन झाला आहे, मग टर्मिनलची खिडकी पुन्हा लॉगिन कशाला समजायची? तिथे ‘.बॅशआरसी’ चालते. मॅकवर प्रत्येक नवी खिडकी लॉगिन शेल म्हणून उघडते, म्हणून तिथे ‘.बॅश_प्रोफाइल’. मॅकच्या या निर्णयावर बरीच टीका होते, ती मला अन्यायाची वाटते. मॅकचा ग्राफिकल लॉगिन ‘.प्रोफाइल’ वाचतच नाही. खिडकीने ती वाचली नसती, तर कुणीच वाचली नसती.

मॅकसाठीचा सल्ला उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर वापरला की काय होतं, याचा चकवा मला स्वतःला लागला आहे. मी ‘.बॅश_प्रोफाइल’ नव्याने तयार केली, त्यात दोन एलियस लिहिले. नव्या खिडकीत काहीच फरक नाही. नंतर दुसऱ्या जागेवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, त्याच यंत्रावर गेलो, तर दोन्ही एलियस हजर, पण रंगीत प्रॉम्प्ट (टाइप करायच्या जागेआधी दिसणारी खूण) गायब आणि उबुंटूने आधीपासून दिलेला ‘एलएल’ही गायब. माझ्या नव्या फाइलने ‘.प्रोफाइल’ची वाट अडवली होती, आणि ‘.बॅशआरसी’ला बोलावणारी ओळ त्या ‘.प्रोफाइल’मध्ये होती. फाइल पुसली, सगळं परत आलं.

२०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने नव्या खात्यांसाठी झेडएसएच हा आपोआप मिळणारा शेल केला. जुन्या खात्यांचा बॅश तसाच राहिला, फक्त खिडकी उघडताना बदलाची सूचना दिसू लागली. मॅकवरचा बॅश तोवर ३.२ वरच अडकलेला होता, ४.० आवृत्ती २००९ मध्येच आली होती, पण ती जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली. अडकण्याचं कारण हा परवानाच असावा असा सर्वसाधारण समज आहे. सूचना पाहून ज्यांनी शेल बदलला त्यांचे वर्षानुवर्षांचे एलियस एका क्षणात बंद पडले, कारण झेडएसएच ‘.बॅश_प्रोफाइल’ उघडतच नाही. ओळी त्याच, फक्त ‘.झेडएसएचआरसी’मध्ये हलवायच्या होत्या; साध्या एलियसची लिहिण्याची पद्धत दोन्हीकडे सारखीच आहे.

बॅशवरच राहणाऱ्यांसाठी डेबियन आणि उबुंटूच्या ‘.बॅशआरसी’त एक सोय आहे: ‘.बॅश_एलियसेस’ नावाची फाइल असेल तर ती वाचली जाते. एलियस तिथे ठेवावेत. मॅकवर तीच फाइल न्यायची असेल तर तिथल्या बॅशसाठी ‘.बॅश_प्रोफाइल’मध्ये आणि झेडएसएचसाठी ‘.झेडएसएचआरसी’मध्ये तिला बोलावणारी एक ओळ घालावी लागते.